ओलाव्याचा आकडा

ओलावा मोजणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, आणि हे काही उगाच नाही. माझं माहेर डोणगावजवळचं. सोयाबीन निघालं की बाबा पोती घेऊन अडत्याकडे जात आणि शाळेला सुट्टी असली की मीही मागे लागून जायची. अडत्या मूठभर दाणे मीटरच्या डबीत टाकायचा, बटण दाबायचा आणि आकडा वाचून असं तोंड करायचा, जसं घरात कोणी गेलं आहे. "ओलावा लय हाये बाप्पा!" बाबांनी ते सोयाबीन अंगणात पसरून, पायानं परतून परतून वाळवलेलं असायचं. दाताखाली धरलं तर कटकन फुटायचं. पण मीटर सांगते नं! भाव पडायचा. परत येताना बाबा हातातले पैसे पुन्हा पुन्हा मोजायचे आणि मी त्या अडत्याला मनातल्या मनात शिव्या घालायची. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं, की जो तुम्हाला ओलाव्याचा आकडा दाखवतो त्याच्या मनात दुसरंच काहीतरी असतं.

लग्न होऊन मोताळ्याला आले तर नवरा निघाला जिनिंगवरचा. कापसाच्या गाडीत मीटर खुपसून ओलावा पाहणं हेच त्यांचं काम! म्हणजे ज्यांच्यावर माझा राग त्यांच्यातलाच एक पदरात पडला. हे म्हणतात, "मीटर खरं बोलते, वाचनारा खोटं बोलते." मी म्हणते, मग वाचणारे तुम्हीच नं? त्यावर ते हसतात आणि पेपर उघडतात.

तर अशा माझ्यावर, या वयात, घरातल्या हवेचा ओलावा रोज मोजायची पाळी आली. कारण सासूबाईंचा दमा.

आईंची खोली मागची. मागे नाला, खाली काळी माती. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पाणी धरून बसते ती सोडतच नाही. भिंतीला कमरेपर्यंत ओल चढते. कोपऱ्यात काळी बुरशी. गादीला हात लावला तर थंडगार, ट्रंकेतल्या लुगड्यांना कुबट वास. त्या हवेत आईंचा श्वास शिट्टी वाजवायचा. पुढची खोली रस्त्यावर, ट्रॅक्टर गेला की धुळीचा लोट आत, ती तर दम्याला आणखी वाईट. डॉक्टर म्हणाले, "खोली कोरडी करा, नाहीतर माणूस हलवा."

हे वाक्य मी पुण्याला भाऊजींना सांगायलाच नको होतं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. तिथं कंपनीत आहेत, नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. त्यांनी लगेच धरलं. "वहिनी, आईच्या खोलीतली आर्द्रता साठच्या खाली आली पाहिजे. दिवाळीपर्यंत नाही आली तर मी तिला इकडे घेऊन येणार. हे फायनल."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आजवर सणावाराला फोन करणारा माणूस एकदम एवढा मातृभक्त कसा काय झाला? घर अजून आईंच्या नावावर आहे. माणूस पुण्याला गेला की अंगठाही पुण्याला जातो. हे मी यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुहं डोकं म्हनजे निरा कोर्ट आहे." असू दे कोर्ट. पण आईंनाही जायचं नव्हतं. एकदा गेल्या होत्या, तर लिफ्टमध्ये कुणाला तरी "काऊन बाई, खाली चालली का?" म्हणाल्या आणि ती बाई भाऊजींच्या बायकोकडे पाहून हसली. ते हसणं आई अजून विसरल्या नाहीत. आणि खरं सांगू? मलाही त्या जायला नको होत्या. उठल्यापासून आमची भांडणं चालतात, मिठावरून, झाडूवरून, कशावरूनही. त्या गेल्या तर या घरात मी बोलू कोणाशी? पेपरशी?

म्हणून मी कामाला लागले. आधी खडेमीठ परातीत भरून पलंगाखाली ठेवलं. मिठाला पाणी सुटलं, खोलीत फरक शून्य. पेंटरनं ओल थांबवणारा रंग म्हणून काहीतरी फासलं, आठवडीबाजार दोनदा भरला नाही तोच त्याचे पोपडे गळायला लागले. मग मलकापूरला मोठ्या दुकानात गेले आणि म्हटलं, हवेतली ओल काढायचं मशीन दाखवा. दुकानदारानं लगबगीनं एक डबा काढला, पाणी भरलं, बटण दाबलं, तर त्यातून वाफच यायला लागली.

"दादा, हे तर ओल घालते हवेत!"

"तेच नं मॅडम, हवेचंच मशीन आहे. लय चालते हे."

मी तशीच बाहेर पडले. दमेकऱ्याच्या खोलीत वाफ सोडायचं मशीन विकायला निघाला होता बापडा, आणि वर मॅडम.

मोबाईलवर पाहिलं तर एक लहानसं स्वस्तातलं मशीन होतं, तांब्याएवढं. खाली शेकडो लोकांनी पाच-पाच चांदण्या दिलेल्या आणि सगळ्यांची भाषा एकसारखी, जशी एकाच माणसानं बसून लिहिली. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. मागवलं. अख्खा दिवस गुरगुरलं आणि चहाच्या कपभरही पाणी जमलं नाही. आई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "यापेक्षा मी जास्त घामते."

शेवटी भाऊजींनीच मशीन पाठवलं. त्याआधी फोनवर खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडक्या किती, सगळं विचारून घेतलं. कॉम्प्रेसरवालं पाहिजे, लहान काही कामाचं नाही, दिवसाला वीस लिटर पाणी ओढणारं घेतलंय, म्हणाले. वीस लिटर! इथं नळाची वाट पाहून डोळे पांढरे होतात, आणि हवेतून वीस लिटर? मी म्हटलं, भाऊजी काहीतरी फेकून राह्यले. खोकं आलं तेव्हा मी चारी कोपरे तपासले, चिकटपट्टी आधी उघडलेली तर नाही ना पाहिलं. माझा अंदाज, त्यांच्या फ्लॅटमधलं जुनं असणार. पण मशीन कोरं होतं. कमरेएवढं उंच, खाली चाकं, मागे पाण्याची टाकी, वर लाल आकडा.

पहिल्या दिवशी आकडा होता ब्याऐंशी. भिंतीपासून जरा दूर ठेवायचं, दारं-खिडक्या गच्च लावायच्या, टाकी भरली की लाल दिवा लागून आपोआप बंद पडतं, मग रिकामी करायची. जाळी अधूनमधून धुवायची. एवढंच. संध्याकाळी टाकी ओढली तर खरंच गच्च भरलेली! पाणी असं निवळ, की तळ दिसावा. आई पलंगावरून खाली उतरून पाहायला आल्या. बोट बुडवलं, वास घेतला.

"एवढं पानी मी श्वासात घेत होती काय वं?"

"हाव नं आई."

"मंग मी मेली कशी नाही?" असं म्हणून त्या खुशाल हसल्या.

पण मशीनची एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. ते वायफायला जोडायचं होतं. जोडलं की आईंच्या खोलीतला आकडा पुण्याला भाऊजींच्या मोबाईलवर दिसणार. आमच्या घरातली हवा पुण्यात बसून मोजणार! मी म्हटलं, हे काही सरळ नाही. झालंही तसंच. दुसऱ्या दिवसापासून आईंच्या बटणाच्या फोनवर फोन सुरू.

"आई, आकडा सत्तर झालाय. खिडकी उघडी आहे का?"

"उलीशीक उघडली होती रे, मांजर गेली बाहेर."

"लाव बरं आधी. टाकी रिकामी केली?"

"केली नं बाप्पा. काठोकाठ भरली होती."

सकाळी एक, संध्याकाळी एक. मधेच आकडा चढला तर आणखी एक. मी भाकरी थापता थापता कान तिकडेच. हा माणूस आईच्या तोंडून घरातलं काय काय काढून घेतोय, डोळ्यात तेल घालून ऐकायची. पण बोलणं सगळं टाकीचं, जाळीचं आणि आकड्याचं. आई मात्र असं रंगवून सांगायच्या, जशी काही लग्नाची गोष्ट. फोन पलंगावर उशाला, मोरीतही सोबत.

खोली सुधारली हे मात्र खरं. बुरशी पुसली ती परत आली नाही, गादी कोरडी झाली, शिट्टी बंद झाली. आकडा साठाजवळ आला. आणि मग, पाऊस उघडलेला असताना, तो पुन्हा चढायला लागला. अडुसष्ट. बहात्तर. टाकी तर इतक्या वेळा भरायची की माझे हात दुखायचे.

मी सगळ्यात आधी संशय घेतला शेजारणीवर. तिची आमची भिंत एक. म्हटलं, हिचीच मोरी झिरपत असणार. गेले आणि सरळ आत शिरले.

"माह्या घरात काय शोधून राह्यली वं?" ती मागून ओरडली.

भिंतीच्या पलीकडे तिचं देवघर निघालं. कोरडं ठणठणीत. समोर निरांजन जळतंय आणि मी भिंतीला हात लावून पाहतेय. ती बाई पुढचे कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग माझा संशय आला त्याच्या खऱ्या जागी. भाऊजी. मोबाईलवरून आकडा दिसतो म्हणजे मशीन बंदही करता येत असणार. आकडा वाढला की आई त्यांच्याकडे जाणार. मग झालं की! एका दुपारी मी वायफायचं बटणच बंद करून टाकलं. थोड्याच वेळात फोन.

"वहिनी, मशीन ऑफलाइन दिसतंय?"

"लाइन गेली आहे भाऊजी," मी म्हटलं, डोक्यावर पंखा गरगरत असताना. पण वायफाय बंद असूनही आकडा काही उतरला नाही. उलट दोननं वाढला. माझं गणित बसेना, वायफाय मुकाट्यानं पुन्हा लावलं.

त्याच आठवड्यात आईंना दम्याचा अटॅक आला. भरदुपारी मी भांडी घासत होते, तर आतून ती शिट्टी ऐकू आली. धावत गेले तर आई पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गादीवर रोवून, तोंड उघडं, डोळे मोठे. बोलता येईना. तोंडात मारायचा पंप दिला, उतार नाही. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, नळी लावून औषधाची वाफ दिली तेव्हा श्वास खाली बसला. ऑटोमध्ये त्यांनी माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते. मी घाबरले होते. इतकी, की देवाला नाही नाही ते बोलले.

भाऊजींनी ऐकलं आणि म्हणाले, "बास झालं वहिनी. शनिवारी गाडी घेऊन येतो." मी आईंकडे पाहिलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

मला हार मानवेना. काहीतरी होतं त्या खोलीत जे मला दिसत नव्हतं. बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेतली, मोठ्यानं सांगितलं, "आई, बाजारात जाऊन राह्यली, येते भाजी घेऊन," आणि पुढच्या दारानं निघून, वळसा घालून, नाल्याच्या बाजूनं घराच्या मागे आले. आपल्याच घराच्या मागे चोरासारखं उभं राहायला कसं वाटतं ते विचारू नका. खिडकीत आमचा कूलर बसवलेला, उन्हाळ्यापासून तसाच. तो चालू होता. चालू! मी त्याच्या बाजूच्या फटीतून डोळा लावला.

आईंनी मशीनची टाकी ओढून काढली होती. दोन्ही हातांनी, हळूहळू, एक थेंब न सांडता, त्या टाकीतलं पाणी त्या कूलरमध्ये ओतत होत्या.

क्षणभर मला समजेचना. आणि समजलं तेव्हा हसू की डोकं आपटू असं झालं. मशीन हवेतलं पाणी ओढून टाकीत भरतंय, आई ते कूलरमध्ये टाकताहेत, कूलर तेच पाणी पुन्हा हवेत फेकतोय, मशीन ते पुन्हा ओढतंय. दारं-खिडक्या बंद. आणि मध्ये दमेकरी बसलेली.

"आई! काय करून राह्यल्या तुमी हे?" मी खिडकीतूनच ओरडले.

त्या दचकल्या, पण टाकी नाही सोडली. "पानी टाकून राह्यली. दिसत नाही का? अन् तू तिथं काय करून राह्यली, नाल्यात?"

आत गेले, कूलर बंद केला (मशीनच्या गुरगुरीत तो मला कधी वेगळा ऐकूच आला नव्हता), समोर बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. मशीन मागून गरम हवा फेकतं, खिडक्या उघडू देत नाही, जिवाचा उकाडा होतो. आणि एवढं चोख पाणी काय नालीत ओतायचं? नळ येत नाही तर आपण आंघोळीचंही पाणी झाडाला घालतो, हे तर देवानं दिलेलं, बिनवासाचं.

मी त्यांना सगळी फेरी समजावून सांगितली. हवेतून टाकीत, टाकीतून कूलरमध्ये, कूलरमधून हवेत. त्यांनी मन लावून ऐकलं.

"मंग तं लय चांगलं," म्हणाल्या. "एकच पानी पुरते."

संध्याकाळी यांना सांगितलं, तर पेपर मांडीवर टाकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वऱ्हाडातच होऊ शकतं हे, म्हणाले, ओल काढायची आणि कूलरही लावायचा. भाऊजीही फोनवर हसले आणि त्यांनी गाडीचं पुढं ढकललं. मी कूलरची पिन काढून ठेवली. यांना म्हटलं, तो कूलर काढून माळ्यावर टाका. हे म्हणाले, "पाहू नं." म्हणजे तो तिथंच राहिला. टाकीला मी नळी लावून सगळं पाणी सरळ अंगणातल्या कढीपत्त्याला सोडलं आणि खोलीत छोटा टेबलफॅन दिला. आकडा उतरत उतरत पंचावन्नवर येऊन बसला. दसऱ्याला भाऊजी म्हणाले, "आता ठीक आहे. आईला राहू दे तिथंच."

मी जिंकले होते. पुरणपोळी खाताना मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की मोताळ्यात माझ्याएवढी हुशार बाई नाही.

आकडा ठीक झाला तसे फोन कमी झाले. मला बरंच वाटलं. आधी सकाळचा बंद झाला, मग संध्याकाळचा एक दिवसाआड, मग तोही नाही. एका सकाळी आई आपला फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"हा बिघडला तं नाही? तुह्या फोनवरून वाजवून पाय बरं."

मी वाजवला. खणखणीत वाजला. "चांगला आहे की आई."

"हो का," म्हणाल्या आणि फोन घेऊन गेल्या. मी शेवेचं पीठ मळत होते. तेवढंही थांबून विचारलं नाही, की काऊन वाजवून पाहायचा होता.

दिवाळी तोंडावर आली. सकाळची थंडी पडायला लागली, आई स्वेटर आणि कानाला मफलर बांधून बसायच्या. त्या दिवशी मी चकल्या तळत होते. तळणीच्या आवाजात मला दुसरा एक आवाज आला. घुर्र घुर्र. मी गॅस बारीक केला. कूलर!

थंडीत कूलर? मी दाराआडून पाहिलं. आई स्वेटर, मफलर, वरून शाल अशा पलंगावर बसलेल्या. पिन लावलेली. कूलरमध्ये पिण्याच्या माठातलं पाणी ओतलेलं, तांब्या खाली ठेवलेला. मशीनवर लाल आकडा चौऱ्याहत्तर. श्वासाला बारीक शिट्टी लागलेली. आणि फोन दोन्ही हातांत धरून त्या त्याच्याकडे पाहताहेत.

तो वाजला. त्यांनी पहिल्याच घंटीला घेतला.

"हाव बाप्पा, वाढला म्हनते का आकडा? काय मालूम काऊन वाढला. हाव... हाव... टाकी? पाह्यते नं मी. तू जेवला का?"

त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला माझ्याच सासूकडे पाहायची लाज वाटली. पण मी सरकले नाही. माझ्या डोक्यात तेव्हाही भलतंच. म्हटलं, म्हणजे आईंनाच जायचं आहे पुण्याला! मनातून जायचं आहे, मला तोंडावर सांगवत नाही, म्हणून हे नाटक. इतकी वर्षं यांच्याशी भांडले, यांचं केलं, आणि शेवटी यांना इथं नकोच होतं का राहायला?

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊजी. "वहिनी, काय चाललंय? चौऱ्याहत्तर? आईच्या आवाजात शिट्टी ऐकू येतेय मला. मी उद्या सकाळी निघतो. तिची बॅग भरून ठेवा. आता काही ऐकणार नाही."

मी फोन ठेवला, आत जाऊन पिन उपटली आणि दुसरी खिडकी उघडली. कोरडी थंड हवा आत आली.

"पुण्याले जायचं आहे का तुमाले? सरळ सांगा. उद्या येऊन राह्यले ते."

आईंच्या हातातून फोन गादीवर पडला. "येऊन राह्यला? न्यायले?" त्या एकदम घाबरल्या. "नाही वं. मले नाही जायचं. तू सांग त्याले."

"मग हे कायले केलं? मरायचं आहे का?"

शिट्टी तेवढी चालू. मी पंप दिला, पाठीवरून हात फिरवला, पण सोडलं नाही. पुन्हा विचारलं.

"आकडा वाढला का त्याचा फोन येते," त्या म्हणाल्या.

मी तिथंच पलंगाच्या कडेला टेकले.

"तिथं जाऊन काय करू? तो सकाळी जाते, रात्री येते. एका घरात राहून दिसनार नाही. इथं असली तं फोन तरी करते. कमी झाला आकडा, तं तोही बंद."

"पण दमा, आई? त्या दिवशी काय झालं होतं विसरल्या?"

"दम्याले पंप हाये वं," त्यांनी हातातला पंप दाखवला. "याले काय हाये?"

मी बाहेर आले. चकल्या जळाल्या होत्या. मी गॅस बंद केला, भाऊजींना फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोलले. घरात ओल नाही, म्हटलं. नाल्याची नाही, मातीची नाही, भिंतीची नाही. तुमची माय थंडीत कूलर लावून बसते, दमा अंगावर घेते, कशासाठी, तर तुमचा फोन यावा म्हणून. पंचावन्न झाला की तुमचं काम संपलं, नाही का? माल पास, गाडी पुढं! अडत्यालाही सांगितलं नसतं तेवढं मी त्यांना सुनावलं. मला वाटलं फोन कटला.

"भाऊजी?"

"वहिनी, मी तो आकडा ऑफिसमध्ये दिवसभर उघडून बघतो," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना. "तो वाढला की मला बरं वाटायचं. फोन करायला कारण मिळायचं."

"आईला फोन करायले कारण लागते का?"

"नुसता फोन केला तर मला काय बोलायचं तेच सुचत नाही हो. जेवलीस का, झोपलीस का. संपलं. मग ती पण गप्प, मी पण गप्प. घरातून निघून इतकी वर्षं झाली, मला तिथलं काहीच माहीत नाही आता. टाकीचं तरी विचारता यायचं."

इतके महिने मी या माणसाच्या मनातलं शोधत होते. घर, अंगठा, वाटणी, काय काय. आणि मनात काय निघालं? माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही. रडू आलं आणि त्याचाही राग आला.

"उद्या येऊ नका न्यायले," मी म्हटलं. "दिवाळीले या, राहायले. अन् आता फोन ठेवू नका. मी देते त्यायले."

"वहिनी, पण बोलू काय?"

"मले काय माहीत! माय तुमची आहे."

मी आत जाऊन फोन आईंच्या कानाला लावला. तिकडून "आई" एवढं ऐकू आलं. मग काहीच नाही. आईही काही बोलल्या नाहीत. मी दारात उभी. इतका वेळ गेला, की मला पुन्हा शंका आली, लाइन गेली की काय. वाकून पाहिलं, फोन चालू होता.

मग आईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला, उशीला टेकल्या आणि म्हणाल्या, "काही नाही बोललं तरी चालते रे. फक्त ठेवू नको."